उत्तमच्या पायाखालचा आवाज

उत्तम खंडारे गेल्याचे मला बसच्या कंडक्टरकडून कळले. शिरपूरच्या शाळेत दुसरा तास चालू होता आणि आठवीच्या वर्गाला मी प्रकाशाचे परावर्तन शिकवत होतो. कारंज्याकडून येणाऱ्या गाडीचा कंडक्टर फाटकापाशी उतरला, पटांगण ओलांडून थेट वर्गाच्या दारात आला आणि चपला काढाव्यात की नाही अशा विचारात क्षणभर उभा राहिला. चिठ्ठी नव्हती, निरोप तोंडी होता. "सर, कामरगावचा टेलर गेला. काल सकायी. तुमाले सांगा म्हने." मी "बरे" म्हणालो. तो गेल्यावर मी फळ्याकडे वळलो आणि अर्धी राहिलेली आकृती पुरी केली... आपाती किरण, लंब, परावर्तित किरण. दोन्ही कोन सारखे आले. मुलांनी आकृती वह्यांत उतरवली आणि माना वर करून माझ्याकडे पाहू लागली. पुढे काय सांगायचे होते, ते मला काही केल्या आठवेना.

त्याला आता सहा आठवडे होत आले. उत्तमला कावीळ झाली होती. ती त्याने अंगावर काढली आणि चाळिशी गाठण्याच्या आत तो गेला. या पुरवणीच्या वाचकांपैकी फार थोड्यांनी त्याचे नाव ऐकले असेल. कामरगावच्या बाजाराच्या रस्त्यावर तो कपडे शिवीत असे आणि दौलतदादांच्या गायन पार्टीत चार तारांचे गिटार वाजवीत असे. दौलतदादा हे त्याचे चुलत भाऊ आणि पार्टीचे मुख्य गायक. जयंती असो, लग्न असो की नव्या विहाराचे उद्घाटन असो, कारंजा तालुक्यातल्या आमच्या समाजाच्या वस्त्यांत त्यांच्याच पार्टीला बोलावणे असे. एकाहत्तर साली मी त्या गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला रुजू झालो आणि उत्तमच्या दुकानामागची खोली घेतली. मी एकटा माणूस. मित्र हा शब्द मी जपून वापरतो. आयुष्यात तो मला एकदाच पुऱ्या अर्थाने वापरता आला, म्हणून हा लेख लिहीत आहे. लिहिण्याला आणखीही एक कारण आहे, ते क्रमाने येईल.

चार तारांचे गिटार, ज्याला बेस गिटार म्हणतात, ते उत्तमकडे कसे आले हे सांगायला हवे. उमेदवारीची वर्षे त्याने अकोल्यात एका शिंप्याकडे काढली. तिथे एका ऑर्केस्ट्राचे कोट शिवायला येत. मापे घेण्याच्या निमित्ताने तो त्यांच्या तालमीला जाऊन बसू लागला आणि सगळ्यांची नजर गाण्याची चाल वाजवणाऱ्या गिटाराकडे असताना याचे कान मात्र त्या जाड तारांकडे गेले. पुढे तो ऑर्केस्ट्रा मोडला. ज्याने त्याने आपापले वाद्य उचलले आणि हे एक कोपऱ्यात राहिले, कारण एकटे वाजवले तर त्यावर कुठलेच गाणे वाजत नाही. उत्तमने ते मागितले आणि गोधडीत गुंडाळून गावी आणले. गावात मात्र त्याची चेष्टा झाली. बेसचा आवाज फार खालचा असतो आणि लाउडस्पीकरच्या भोंग्यातून तो जवळजवळ येतच नाही. हार्मोनियम ऐकू येई, ढोलकी ऐकू येई. उत्तमची बोटे तेवढी हलताना दिसत. "उत्तम, तुहं गिटार मौनात बसलं काय रे?" असे दौलतदादा भर तालमीत विचारीत आणि सगळे हसत. उत्तमही हसे. पण एका दुपारी तो शाळेच्या प्रयोगशाळेत आला, बाकावर बसला आणि त्याने मला एक प्रश्न विचारला. इतका नेमका प्रश्न मला कोणत्याही विद्यार्थ्याने कधी विचारला नाही.

"सर, आवाजाले तोंड देता येते काय?"

मी म्हणालो, "म्हणजे?"

"माया आवाजाले पोट हाय, सर. तोंड नाही. म्हनून कोनाले समजत नाही तो काय बोलून राह्यला."

एका जुन्या इंग्रजी मासिकात मी अशा यंत्राची आकृती पाहिली होती. विद्यार्थ्यांना सांगतो तसेच येथे सांगतो. वाचकाने ओठ मिटत आणून 'ऊ' म्हणावे आणि स्वर न बदलता हळूहळू तोंड उघडत 'आ'पर्यंत यावे. गळ्यातून येणारा आवाज तोच असतो. तोंडाचा आकार बदलला की त्यातला वेगवेगळा भाग पुढे येतो. प्रत्येक आवाजात खालचे, मधले आणि वरचे असे अनेक थर एकत्र मिसळलेले असतात. यंत्र एका चाळणीचे काम करते, फक्त या चाळणीची भोके सरकवता येतात. एका टोकाला ती खालचे थर पुढे येऊ देते, दुसऱ्या टोकाला वरचे. सरकवायचे ते पायाने, कारण वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. पायाखाली एक फळी ठेवायची. फळी कलली की खालचे बटण फिरते, रेडिओचा आवाज लहानमोठा करणारे असते तसेच. आणि बटण फिरले की चाळणी सरकते. एवढेच.

एवढेच म्हणायला सोपे. आम्हाला सबंध पावसाळा लागला. फळी सागवानी घेतली, बिजागरी जुन्या ट्रंकेची. आतले भाग मोडक्या ट्रान्झिस्टर रेडिओतून काढले. फळीची हालचाल बटणापर्यंत न्यायची कशी यावर आम्ही आठवडाभर अडून बसलो. मासिकात दातेरी पट्टी दाखवली होती, ती आमच्याकडे मिळणे शक्य नव्हते. तेव्हा उत्तमलाच सुचले की रेडिओचा काटा ज्या बारीक दोरीने सरकतो, तीच दोरी बटणाच्या दांड्याला गुंडाळावी आणि फळीला बांधावी. मला शाबासकी द्यावीशी वाटली, म्हणून मी ती मोठ्याने दिली. "शाबास." तो म्हणाला, "सर, मले आता बाकावर उभं करसान काय?" पहिल्यांदा जोडले तेव्हा बेसचा तळच नाहीसा झाला, आवाज उघडला की पातळ होई. मग मी मूळ आवाजाचा एक हिस्सा चाळणीला वळसा घालून बाजूने पुढे नेला, विहिरीचे पाणी एका पाटाने वाफ्यात आणि दुसऱ्याने थेट पुढच्या शेतात न्यावे तसा. भोंग्याऐवजी लाकडी पेटीतला मोठा स्पीकर घेतला. आणि त्यानंतरच्या पहिल्या तालमीत दौलतदादा एका ओळीवर थांबले असताना उत्तमने खालच्या तारेवर बोट ठेवून हळूच पाय हलवला... खोलीत कुणीतरी वयस्क माणूस संमती देतो आहे असा आवाज आला. दौलतदादांनी मागे वळून पाहिले. "बोलला रे बापा," ते म्हणाले. त्यानंतर मौनाची चेष्टा बंद झाली.

उत्तम त्या फळीला 'पायडल' म्हणे, शिलाई मशीनच्या पायडलाला म्हणत तेच. तीन वर्षे त्याने ते वाजवले. त्या तीन वर्षांत रविवारच्या दुपारी मी एकटा नसे. दुकान बंद असे, तो मशीनच्या स्टुलावर बसून वाजवी आणि मी वह्या तपासत ऐके. मधेच तो म्हणे, "सर, लाल शाई जरा कमी वापरत जा, पोराच्या वहीले गोवर आला हाय." त्याची पत्नी, शांतावहिनी, आतून हसत. ती माझ्या नोकरीची एकमेव वर्षे आहेत, ज्यांतील रविवार मला वेगळे आठवतात.

आता त्या चुकीकडे येतो. पंच्याहत्तरच्या एप्रिलात, जयंतीच्या आदल्या दिवशी, उत्तमने पायडल माझ्याकडे आणून दिले. दोरी झिजली होती, ती बदलायची होती. दुसऱ्या दिवशी धनजला कार्यक्रम होता. मी ते उघडले, नवी दोरी काढली आणि सवयीप्रमाणे मासिकातली मूळ आकृती समोर घेतली. तेव्हा मला दिसले की तीन वर्षांपूर्वी मी दोरी दांड्याला उलट्या बाजूने गुंडाळली होती. आकृतीप्रमाणे पंजा दाबला की आवाज उघडायला हवा आणि टाच दाबली की मिटायला हवा. आमचे यंत्र याच्या बरोबर उलटे चालत होते. तीन वर्षे एक चूक माझ्या नावावर उभी होती आणि मला तिचा पत्ताही नव्हता. वहीत चूक दिसली की ती दुरुस्त करायची आणि वही परत द्यायची, हा माझ्या हाताचा धर्म आहे. ज्याची वही आहे त्याला आधी विचारण्याची पद्धत शाळेत नाही. मी नवी दोरी योग्य बाजूने गुंडाळली, झाकण बसवले, चार स्क्रू घट्ट केले आणि समाधानाने झोपलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी पार्टीची जीप दारात उभी असताना मी पायडल उत्तमच्या हातात दिले. "दोरी बदलली आहे. आणि एक जुनी चूकही दुरुस्त केली आहे."

"चूक? तुमची?" तो म्हणाला. "मंग आज गावात पेढे वाटाले पायजे."

"कोणती ते धनजला पोचल्यावर सांगतो."

पोचल्यावर मी ते सांगितले नाही. मी पाहुणा होतो. उतरताच लोकांनी मला वेढले, चहाला नेले, शाळेविषयी विचारले, आणि मी बोलत राहिलो. दिवसभर गावात वीज नव्हती, त्यामुळे उत्तमला यंत्र जोडून पाहता आले नाही. दिवेलागणीला वीज आली आणि लगेच कार्यक्रम सुरू झाला. सर्वांनी उभे राहून पंचशील म्हटले. खोटे बोलण्यापासून अलिप्त राहीन, हे चौथे शील. मादक पदार्थांपासून अलिप्त राहीन, हे पाचवे. मग दौलतदादांनी माईकवरून सांगितले की आमच्या पार्टीत जे यंत्र आहे ते आपल्याच समाजातल्या या सरांनी स्वतःच्या हाताने बनवले आहे, आणि मला हार घातला. मी पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर येऊन बसलो. हार गळ्यातच होता.

पहिल्या दोन गाण्यांत पायडलाचे काम नव्हते. तिसऱ्या गाण्यात एक जागा अशी होती की सगळी वाद्ये थांबत, दौलतदादा एकटे गात आणि त्यांच्या स्वराखाली फक्त उत्तमचा बेस राही, अगदी मिटलेला, जमिनीतून आल्यासारखा. लोक त्या जागेची वाट पाहत. वाद्ये थांबली. दादांनी डोळे मिटून स्वर लावला. उत्तमने नेहमीप्रमाणे पंजा पूर्ण दाबला... आणि त्या शांततेत, दादांच्या स्वराच्या बरोबर खाली, एक नाकातला, फाटका, बकरीच्या बेंबाटण्यासारखा आवाज निघाला. आवाज मिटत नाही असे पाहून त्याच्या पायाने तेच केले जे तीन वर्षे केले होते. तो अधिक दाबला गेला. आवाज अधिक उघडला. आधी मुले हसली, मग बायका, मग सगळा मंडप. दादा थांबले. माईक चालूच होता, त्यावरून सगळ्यांना ऐकू गेले: "बंद कर ते."

उत्तमने बटण बंद केले. मग त्याने एकदा खाली पायडलाकडे पाहिले आणि एकदा माझ्याकडे. त्या नजरेत राग नव्हता. एखादी वस्तू कुठे ठेवली आहे हे माहीत असलेला माणूस ती आणून दिली जाण्याची वाट पाहतो, तसा तो पाहत होता. कार्यक्रम संपल्यावर मंडपामागे दौलतदादांनी त्याला उभे केले. पार्टीतले सगळे होते, गावातली चार मंडळी होती, मीही होतो.

"पेला काय तू?"

"नाही, दादा."

"मंग काय झालं?"

"पाय चुकला."

"तीन वर्सं नाही चुकला तो?" दादांनी त्याची मान धरून त्याचे तोंड आपल्या तोंडाजवळ ओढले आणि वास घेतला. सगळ्यांसमोर. मग त्याला सोडले. "आपन पंचशील म्हनून उभं राह्यतो. लोक हासले, उत्तम. आजच्या दिवशी हासले." त्या रात्रीपासून उत्तम पार्टीत नव्हता. कुणी कारण उघड सांगितले नाही, पण वास घेतलेला सगळ्यांनी पाहिला होता, आणि तेवढे पुरेसे झाले.

मी काय केले, ते स्पष्ट लिहितो. मी काही केले नाही. 'दोरी मी फिरवली' एवढे तीन शब्द पुरले असते. पण हार अजून गळ्यात होता, यंत्र बनवणारा म्हणून तासाभरापूर्वी माझे नाव घेतले गेले होते, आणि मला वाटले, उद्या दौलतदादांना एकट्याला गाठून शांतपणे समजावून सांगू, आकृती काढून. उत्तमवर पाचवे शील मोडल्याचा आळ आला आणि चौथे शील मी मोडले. न बोलणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे, असे मी तेव्हा स्वतःला सांगितले. विद्यार्थ्याने असे उत्तर लिहिले असते तर मी गुण दिले नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात गेलो. उत्तम काजे करीत होता.

"उत्तम, दोरी मी फिरवली होती. मूळ आकृतीत ती तशीच आहे. आपलीच उलटी होती."

"समजलं मले. तठीच समजलं." त्याने सुई थांबवली नाही. "पन उलटी कशी, सर? पाय दाबला का आवाज दबते, पाय उचलला का आवाज उठते. याच्यात उलटं काय हाय?"

मी म्हणालो, "मग काल दादांना सांगितलं का नाहीस?"

"तुमी सांगसान असं वाटलं," तो म्हणाला.

मी सांगितले नाही. आधी परीक्षा होत्या, मग निकाल होता, जूनमध्ये माझी बदली शिरपूरला झाली. प्रत्येक वेळी कारण खरे होते. त्यानंतर दिवाळीत आणि उन्हाळ्यात मी कामरगावला जात राहिलो. तो माझे सदरे शिवी, मुलांच्या परीक्षांविषयी विचारी, माझ्या पांढऱ्या होत चाललेल्या केसांवरून चेष्टा करी. धनजचा विषय त्याने पुन्हा कधी काढला नाही. मी एकदा म्हणालो, "वाजवून दाखव की काही." तो म्हणाला, "तारा जुन्या झाल्या, सर." मला वाटले, त्याने वाजवणे सोडले. परत येताना बसमध्ये मी खिडकीबाहेर पाहत बसे, आणि शिरपूरच्या खोलीत आल्यावर दिवा न लावता बराच वेळ तसाच बसे. तिथल्या जैन मंदिराच्या यात्रेकरूंनी गाव भरलेले असे. माझ्याकडे येणारे कुणी नव्हते.

निरोप आला तेव्हा अंत्ययात्रा होऊन गेली होती. मी पुण्यानुमोदनाच्या दिवशी पोचलो. आमच्यात त्या दिवशी वंदना झाल्यावर, ज्याला वाटेल त्याने उभे राहून गेलेल्या माणसाविषयी दोन शब्द बोलायचे असतात. त्याला अवकाश होता, म्हणून मी दुकानात जाऊन बसलो. शांतावहिनी आल्या. त्या म्हणाल्या, "सर, हे पाहा. मले याच्यातलं काई समजत नाही." मशीनच्या मागच्या भिंतीला, गिऱ्हाइकाला दिसणार नाही अशा जागी, कपड्याचे नमुने कापायचा मोठा खाकी कागद खिळ्यांनी ठोकला होता. त्यावर उत्तमने गाण्यांच्या ओळी लिहिल्या होत्या आणि अक्षरांच्या डोक्यावर बाण काढले होते, काही वर तोंड केलेले, काही खाली. पुष्कळ बाण खोडून शेजारी त्यांच्या उलट दिशेचे बाण काढले होते. मी एकेक ओळ वाचत गेलो: खाली बाण तिथे पंजा दाबायचा, वर बाण तिथे उचलायचा. त्याने दोरी परत फिरवली नव्हती. मी जी बाजू योग्य ठरवली होती, तिच्याप्रमाणे तो प्रत्येक गाणे नव्याने शिकत होता.

"दुपारी बसत रोज," वहिनी म्हणाल्या. "रेडिओच्या डब्यातून, आवाज बारीक करून. मी म्हनलं, काहून करून राह्यले हे? तर म्हने, सरायनं आकृती पाहून केलं हाय, ते बरोबरच असन. पाय चुकते तो मायाच. त्याले नवीन शिकवून राह्यलो."

"मला कधी सांगितलं नाही त्यानं."

"सांगू नको म्हने. पुरं जमलं का मीच ऐकवतो सरले."

कागदाच्या खालच्या भागात खाडाखोड नव्हती. तिथली गाणी मला अनोळखी होती. वहिनींना विचारले तेव्हा कळले, ती पार्टीने उत्तमला काढल्यानंतरच्या वर्षांत बसवलेली होती. लांबून, कुणाच्या तरी मंडपाबाहेर उभे राहून ऐकत त्याने ती उतरवून घेतली असणार. शेवटच्या गाण्याच्या तीन ओळींना बाण होते. चौथी ओळ नुसतीच लिहिली होती.

वंदना झाली. तीनचार जण बोलले. मग मी उभा राहिलो आणि सगळे सांगितले: दोरी, आकृती, दोन बाजू, धनजचा मंडप, माझी खुर्ची. मी व्यवस्थित बोललो. शिकवतो तसाच बोललो, आणि बोलताना मला त्याची लाज वाटत होती. खाली बसल्यावर मला वाटले होते की छातीवरचे काही उतरेल... तसे झाले नाही. लोक उठले, पाणी प्याले, आपापसात पावसापाण्याचे बोलू लागले. दौलतदादा माझ्या शेजारी येऊन बसले.

"त्याच्या तोंडाले वास नोता, सर," ते म्हणाले. "मले माहीत होतं. मीच घेतला ना वास."

"मग काढलं का त्याला?"

"हासले होते लोक." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "तुमचा हार, माही इज्जत. मधात तो." मग म्हणाले, "इथं सांगितलं, बरं केलं. पन इथल्यायनं तर काई पाह्यलंच नोतं. धनजवाल्यायले कोन सांगन?"

गेल्या रविवारी मी धनजला गेलो. मंडप जिथे होता तिथे आता काही नाही, मोकळी जागा आहे, कडेला एक ओटा आहे. ज्या गृहस्थांनी त्या वर्षी मंडप उभारला होता ते घरीच सापडले. म्हातारे झाले आहेत, दोरखंड वळत बसले होते. मी नाव सांगितले, ते त्यांना आठवले नाही. कार्यक्रमाचे वर्ष सांगितले, तेही आठवले नाही. मी उत्तमचे वर्णन केले, तो कुठे उभा होता ते सांगितले.

"हौ," ते म्हणाले, "तो गिटारवाला. पिऊन आलता म्हनतात तो."

"नाही," मी म्हणालो. "तो प्यायलेला नव्हता. तो कधीच पीत नव्हता."

त्यांनी हातातले काम बाजूला ठेवले. तेव्हा मी त्यांच्या अंगणातल्या मातीत काडीने फळी काढली, बटण काढले, दोरी कोणत्या बाजूने होती आणि मी ती कोणत्या बाजूने केली ते दाखवले. त्यांनी सगळे लक्षपूर्वक ऐकले. दोरी वळणाऱ्या माणसाला दोरीचे समजावून सांगावे लागत नाही. माझे बोलणे संपण्याआधीच त्यांची मान हलली.

"म्हंजे पोट्ट्याची काईच चूक नोती," ते म्हणाले.

"काहीच नव्हती."

"मंग तवा काहून नाही सांगितलं कोनी? तुमी कोठी होते?"

"इथेच," मी म्हणालो. "पहिल्या रांगेत."

मग त्यांनी घरात हाक मारून सुनेला एक कप चहा ठेवायला सांगितले, दोरखंड पुन्हा मांडीवर घेतले आणि वळू लागले.